खुर्चीतून दर अर्ध्या तासाला उठा

सकाळी उठून पर्वती चढून आलं किंवा शिवाजी पार्कला चार फेऱ्या मारल्या की दिवसाचा व्यायाम झाला, मग संध्याकाळपर्यंत कचेरीत बसून राहिलं तरी काही बिघडत नाही, असा समज आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. सकाळचं फिरणं चांगलंच आहे, ते कुणीही सोडू नये. पण त्या फिरण्याने दिवसभराच्या बैठकीची भरपाई आपोआप होत नाही.

२०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून अधिक माणसांच्या माहितीवर आधारलेलं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. रोज आठ तासांपेक्षा जास्त बसणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा जो वाढीव धोका दिसतो, तो जवळजवळ नाहीसा व्हायला रोज ६० ते ७५ मिनिटांचा मध्यम व्यायाम लागतो, असं त्यात आढळलं. मध्यम म्हणजे झपझप चालणं, सायकल चालवणं. मैत्रिणीशी गप्पा मारत रमतगमत चालणं यात येत नाही. दिवसाला पाच तासांहून जास्त टीव्हीसमोर बसणाऱ्यांचा धोका तर एवढ्या व्यायामानेही पुरता गेला नाही, फक्त कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आणि त्याचबरोबर बसण्याचा वेळ कमी करा, असंही स्पष्टपणे सांगितलं. आपल्यातले बरेच शिस्तीचे लोक आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालतात. म्हणजे १५० मिनिटं, अगदी खालची मर्यादा. उरलेली तूट भरून काढायची तर ती कामाच्या वेळातच भरावी लागते, कारण दिवसाचा मोठा भाग तिथेच जातो.

किती मोठा, ते एकदा कागदावर मांडून पाहा. राज्य सरकारच्या कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि त्याबरोबर रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी वाढली. साडेआठ तास तिथे. त्यात घरून निघून लोकलमध्ये किंवा कंपनीच्या बसमध्ये बसून गेलेला वेळ मिळवा. हिंजवडीला जाणाऱ्याला तर वाहतुकीत अडकल्यावर बसमध्येच दीड तास काढावा लागतो. घरी आल्यावर जेवण, मालिका, मोबाइल. बारा तासांची बैठक कधी भरते ते कळतही नाही.

हा विषय नवा नाही. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या वाहतूक कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून १९५३ साली त्याचे निष्कर्ष मांडले. सुमारे ३१ हजार पुरुष, वयं ३५ ते ६४. दुमजली बसचा ड्रायव्हर पाळीभर बसून असायचा, तर कंडक्टर तिकिटं देत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढायचा. बस तीच, रस्ते तेच, साधारण सारख्याच घरांतून आलेली माणसं. तरीही हृदयविकार ड्रायव्हरमध्ये जास्त आढळला, आणि कंडक्टरना तो झालाच तर उतारवयात आणि कमी तीव्रतेचा. पुढे टपाल खात्यातही तसंच दिसलं: पत्रं वाटणाऱ्या पोस्टमनपेक्षा टेबलावर बसून काम करणाऱ्या कारकुनांना त्रास अधिक. एक लक्षात घ्या, तो कंडक्टर व्यायामशाळेत जात नव्हता. त्याचं कामच त्याला थोड्या थोड्या वेळाने हलवत होतं. आपल्या कामातून नेमकं हेच निघून गेलं आहे. पूर्वी फाइल घेऊन दुसऱ्या खोलीत जावं लागे, आता ती पडद्यावर येते.

बसल्यावर शरीरात काय होतं, ते थोडक्यात सांगतो. शरीरातले सगळ्यांत मोठे स्नायू मांड्यांचे आणि नितंबांचे. रक्तातली साखर खेचून घेण्याचं मोठं काम हेच स्नायू करतात, आणि ते हलत असले तर इन्सुलिनची फारशी मदत न घेताही करतात. खुर्चीत बसलं की ते जवळपास थंड पडतात. पोटरीचे स्नायू पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात. ते थांबले की रक्त खाली साचतं, संध्याकाळी मोज्याची रेघ घोट्यावर उमटलेली दिसते. त्याच वेळी मान, खांदे आणि कंबर यांचे स्नायू मात्र तासन्‌तास एकाच स्थितीत ताणलेले. काही स्नायू वापराविना आणि काही सक्तीच्या ताणाने, असं दोन्हीकडून नुकसान होतं.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ती अनेक वर्षं अभ्यासली. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापं ‘लॅन्सेट’मध्ये शेजारी शेजारी छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्या दोन आकड्यांनी दाखवलं. तेव्हा ‘मी काही जाड नाही’ हे समाधान आपल्याला पुरणारं नाही. वजनकाट्याऐवजी शिंप्याची टेप घ्या आणि पोटाचा घेर मोजा. पुरुषांचा ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. स्नायू मुळातच कमी असताना ते दिवसभर थंड ठेवणं आपल्याला इतरांपेक्षा महाग पडतं.

दुपारच्या डब्यानंतरचे दोन तास

दिवसातली एकच वेळ सुधारायची असेल तर मी ही निवडेन. डबा उघडतो तेव्हा त्यात तीन पोळ्या, भाजी, आमटी-भात असतो, बाजूला कुणाच्या तरी घरचा लाडू फिरत येतो. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यात हात धुणं, रांग, गप्पा. मग सगळे आपापल्या खुर्चीत. पुढचा तास-दीड तास रक्तातली साखर वर चढत असते आणि तिला खेचून घेणारे स्नायू नेमके त्याच वेळी झोपलेले असतात. तीनच्या सुमाराला येणाऱ्या पेंगेला आपण भाताला जबाबदार धरतो. भाताचा त्यात वाटा आहे, पण जेवून लगेच बसण्याचाही आहे.

रात्री जेवल्यावर शतपावली करायची रीत आपल्या घरांतून होतीच. ती दुपारी कचेरीत न्यायची. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात मधुमेहाच्या रुग्णांवर २०१६ साली अभ्यास झाला. दिवसातून एकदा केव्हाही तीस मिनिटं चालण्याऐवजी तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाललेल्यांची जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. चालण्याची मिनिटं तेवढीच होती, बदलली होती ती फक्त वेळ. तेव्हा डबा वीस मिनिटांत संपवा आणि दहा मिनिटं आवारात, जिन्यावर, नाहीतर लांबलचक व्हरांड्यात चाला. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही, तेव्हा इमारतीतले मजले आहेतच. एकट्याने चालायला संकोच वाटतो, म्हणून डब्याच्या टेबलावरचे दोघे-तिघे ठरवून घ्या. ज्या टोळीबरोबर जेवता, त्याच टोळीबरोबर चाला. ही सवय टिकते, एकट्याची मोडते.

उरलेल्या दिवसात किती वेळाने उठायचं? कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली एक छोटा प्रयोग केला. माणसं अकराच होती, म्हणून त्याला अंतिम शब्द मानू नये. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं संथ चाललेल्यांची जेवणानंतरची साखर दिवसभर बसलेल्या दिवसाच्या तुलनेत बरीच कमी चढली. तासाला एक मिनिट चालूनही रक्तदाब थोडा उतरला, पण साखरेवर ठळक परिणाम दिसला तो अर्ध्या तासाला पाच मिनिटांचाच. ऑस्ट्रेलियातल्या २०१२ च्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या लोकांनी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं हळू चालून फायदा मिळवला होता.

खरं सांगायचं तर अर्ध्या तासाला पाच मिनिटं म्हणजे आठ तासांत ऐंशी मिनिटं. काउंटरवर रांग लागलेल्या बँकेच्या कॅशियरला किंवा महिनाअखेरीला टॅलीत बुडालेल्या अकाउंटंटला ते कुणी करू देणार नाही. म्हणून मी सांगतो ते असं: दर अर्ध्या तासाने खुर्चीतून पूर्ण उभं राहायचं आणि दोन मिनिटं पाय हलवायचे, दर दोन तासांनी पाच मिनिटांचं चालणं, जेवणानंतर दहा मिनिटं. जमेल त्या दिवशी यापेक्षा जास्त, पण यापेक्षा कमी नाही.

मोबाइलच्या गजरावर मात्र भिस्त ठेवू नका. दोन-चार दिवस आपण त्याचं ऐकतो, नंतर हात आपोआप तो बंद करतो. उठणं कामालाच बांधलं की ते टिकतं. फोन आला की उभं राहून बोला. लिटरभराची बाटली टेबलावर ठेवू नका, छोटा पेला ठेवा आणि संपला की स्वतः भरून आणा. शेजारच्या विभागातल्या माणसाला मेसेज टाकण्याऐवजी त्याच्या टेबलाशी जा. तीन मेसेजांत सुटत नाही ते काम पुष्कळदा तिथे एका मिनिटात सुटतं. चहा जागेवर मागवू नका, टपरीपर्यंत चालत जा. मात्र चहाबरोबर वडा आणि सिगरेट आली, तर उठण्याचा फायदा तिथेच संपला. लिफ्टने जात असाल तर दोन मजले आधी उतरा आणि पुढचे पायऱ्यांनी चढा. गुडघे दुखत असतील तर चढायला लिफ्ट आणि उतरायला जिना असं करू नका; उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो.

टेबल, खुर्ची आणि पायाखालचा पाट

महागडी खुर्ची घेतली की प्रश्न सुटला, असं खुर्च्या विकणाऱ्यांना वाटतं. चांगल्या खुर्चीने कंबर कमी दुखते हे खरं. पण तिच्यात बसलेल्या माणसाचे मांडीचे स्नायू प्लास्टिकच्या खुर्चीतल्या माणसाइतकेच थंड असतात. म्हणून खुर्चीवरचा खर्च उठण्याच्या सवयीनंतर करा.

तरीही मांडणी नीट हवी. आपल्या कचेऱ्यांतलं नेहमीचं टेबल साधारण अडीच फूट उंच असतं. पाच फूट उंचीच्या बाईला ते उंच पडतं. ती खुर्ची खाली ठेवते तर खांदे कानाशी जातात, वर करते तर पाय अधांतरी लोंबतात आणि खुर्चीची कड मांडीच्या मागे रुतून पायाला मुंग्या येतात. यावर उपाय घरातच आहे. खुर्ची एवढी वर करा की कोपर टेबलाच्या पातळीला येईल आणि खांदे सैल राहतील. मग पायाखाली जेवायला बसायचा लाकडी पाट ठेवा. एक कमी पडला तर दोन. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. पाठीच्या खालच्या बाकाशी टॉवेलची गुंडाळी ठेवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला हवी आणि पडदा हातभर लांब. माणसाचं डोकं सुमारे पाच किलोचं असतं. मान पुढे काढून ते दिवसभर धरून ठेवण्याचा त्रास मानेच्या मागच्या स्नायूंना होतो. लॅपटॉपवर काम करणाऱ्यांची मान यामुळेच जाते, कारण त्यात पडदा आणि कळफलक एकमेकांना चिकटलेले. लॅपटॉप जुन्या जाड रजिस्टरांच्या चळतीवर ठेवा आणि कळफलक-माउस वेगळा घ्या. माउस अंगाजवळ असू द्या. त्याच्यासाठी हात लांब करावा लागत असेल तर खांदा दुखणारच.

पुरुषांनी मागच्या खिशातलं पाकीट बसण्याआधी काढावं. जाड पाकिटावर बसलं की कंबर एका बाजूला कलते आणि नितंबातून जाणाऱ्या नसेवर दाब येतो. पायात उतरणाऱ्या कळेचं हे एक अगदी टाळण्याजोगं कारण आहे. फोन कान आणि खांदा यांच्यात पकडून टायपिंग करू नका. डोळ्यांसाठी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहा आणि मुद्दाम पापण्या मिटा-उघडा. पडद्याकडे बघताना पापण्या लवण्याचं प्रमाण खूप कमी होतं, म्हणून डोळे चुरचुरतात.

पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन घरून काम करणं या सगळ्यांपेक्षा वाईट. जेवणाचं टेबल बरं. ते नसेल तर ओट्यावर उभं राहून तासातली काही मिनिटं काम करा.

उभ्याने काम करायची टेबलं आता इथेही मिळतात. त्यांचा उपयोग स्थिती बदलण्यापुरता आहे. दिवसभर उभं राहणं हा बसण्यावरचा उतारा नाही; साड्यांच्या दुकानात दहा तास उभ्या राहणाऱ्या मुलींच्या पायांवरच्या फुगलेल्या निळ्या शिरा पाहिल्या तर हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यांना बसायला मिळावं म्हणून केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. बसणाऱ्याला उठायची मुभा हवी आणि उभ्याला बसायची.

घरी मात्र खुर्ची-सोफ्याऐवजी जमिनीवर बसायला हरकत नाही. टांझानियातले हाडझा लोक शिकार आणि कंदमुळं यांवर जगतात. ते दिवसाला जवळजवळ दहा तास विश्रांतीत घालवतात, असं २०२० च्या अभ्यासात दिसलं. पण त्यातला बराच वेळ ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात आणि त्यामुळे पायांचे स्नायू थोडेफार जागे राहतात. जेवायला पाटावर बसणं, भाजी निवडताना खाली बसणं आणि हात न टेकता उठणं, हे गुडघे ठीक असलेल्याने सोडू नये.

अभ्यासिकेतल्या मुलांसाठी

नोकरी लागायच्या आधीच खुर्चीला जखडलेली हजारो मुलं-मुली पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत आहेत. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत कंपार्टमेंटचं अरुंद टेबल, प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर गावाहून आणलेली उशी. दहा-बारा तास बसणाऱ्याचं तिथे कौतुक होतं, ‘त्याची बैठक पक्की आहे’ म्हणून. वय बावीस-पंचवीस, आणि तक्रारी मात्र कंबरदुखी, बद्धकोष्ठता, मूळव्याध, चष्म्याचा वाढता नंबर. मेसचं जेवण, रात्रीचा चहा आणि कमी झोप त्यात भर घालतात.

या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तुमची परीक्षा दोन-तीन वर्षं चालू शकते, आणि पाठ त्याआधी गेली तर पुस्तकं उघडून बसणंही अवघड होईल. वाचन आणि उजळणी वेगळी करा. नवा भाग बसून वाचा. उजळणी गच्चीवर किंवा गल्लीत चालत, तोंडाने म्हणत करा. चालू घडामोडींचं मासिक उभ्याने वाचता येतं. पन्नास मिनिटं झाली की बाहेर या, जिना उतरा, पाणी प्या, परत चढा. उपनिरीक्षकपदाच्या परीक्षेत शारीरिक चाचणी असते, म्हणून ती मुलं सकाळी मैदानावर पळतात. बाकीच्यांनीही त्यांच्याबरोबर जावं. अभ्यासिका चालवणाऱ्यांनी भिंतीला लागून छातीएवढ्या उंचीची एक लांब फळी ठोकून दिली, तर दहा मुलं उभ्याने वाचू शकतात. खर्च सुताराच्या एका दिवसाच्या कामाचा.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट उघड बोलायला हवी. पहाटे उठून ओट्याशी दोन तास उभं राहून, डबे भरून, लोकलमध्ये लटकत येणाऱ्या बाईला मी प्रवासात उभी राहा असं सांगणार नाही. तिने जागा मिळाली तर बसावं. तिचा प्रश्न कचेरीतला आहे. कित्येक कचेऱ्यांत स्त्रियांचं स्वच्छतागृह इतकं घाण असतं की त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. पाणी नाही म्हणून उठणंही नाही, आणि वर मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा त्रास. कचेरीतल्या माणसांनी उठावं, चालावं असं ज्या कार्यालयप्रमुखाला वाटतं, त्याने आधी ते स्वच्छतागृह धुऊन घ्यावं आणि त्याच्या दाराला कडी बसवावी.

जागेवर करायचे व्यायाम थोडेच, पण रोज करा. बसल्या बसल्या चवडे टेकवून टाचा वीस-तीस वेळा वर-खाली करा, म्हणजे पोटऱ्या कामाला लागतात. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. मांड्यांसाठी यापेक्षा सोपा व्यायाम नाही. हनुवटी आत ओढून मान सरळ रेषेत आणा आणि पाच अंक मोजेपर्यंत धरा. दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकून छाती पुढे न्या. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये कामाच्या जागी करायचा पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’ हा योगाभ्यास ॲपवर आणला आहे, तोही चालेल. आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम मात्र हवाच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. खुर्चीत आखडणारे मांडीच्या सांध्याचे आणि छातीचे स्नायू त्यात चांगले ताणले जातात. मणक्याची गादी सरकलेली असेल, रक्तदाब फार असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारूनच करा.

काही लक्षणं अशी आहेत की त्यांवर मलम चोळत बसू नये. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्याबरोबर धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालय गाठा. कंबरेतून पायात कळ जाते आणि पाय बधिर होतो किंवा पाऊल उचलत नाही, तर थांबू नका. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बसण्याच्या जागेची संवेदना गेली, तर ती तातडीची वेळ आहे, तासही घालवू नये. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता आहे. लवकर दाखवलं तर पुष्कळदा पट्ट्यानेच भागतं.

हे सगळं वाचून कुणी उद्या कचेरीत अर्ध्या तासाने उठेलही. दोन दिवस उठेल. तिसऱ्या दिवशी साहेब बाहेर येऊन विचारतील, ‘जागेवर का नाहीत?’ आणि सगळं तिथेच थांबेल. आपल्याकडे खुर्चीत दिसणं म्हणजेच काम करणं, असं धरलं जातं. काही लोक जागा सोडून गायब होतात, त्यामुळे हा संशय पक्का झाला, हे मला मान्य आहे. पण त्यांच्यापायी प्रामाणिक माणसांना आठ तास एका जागी खिळवून ठेवणं चूक आहे, आणि त्याची किंमत पुढे आजारपणाच्या रजांमधून आणि औषधोपचाराच्या बिलांमधून कचेरीच चुकवते.

म्हणून शेवटची विनंती विभागप्रमुखांना, शाखा व्यवस्थापकांना आणि टीम लीडरना. तासभराची बैठक पंचेचाळीस मिनिटांत संपवा. प्रिंटर आणि पाण्याचं पिंप खोलीच्या दुसऱ्या टोकाला हलवा. जेवणाच्या सुट्टीत फोन करू नका. दोघा-तिघांचं काम असेल तर व्हरांड्यात चालत बोला. काम किती झालं ते विचारा, कोण किती वेळ जागेवर होतं ते मोजू नका. आणि दुपारी दहा मिनिटं तुम्ही स्वतः आवारात चालायला उतरा. साहेब उतरले तर बाकीच्यांना परवानगी मागावी लागणार नाही.